जुन्या गाडीचे जुने टायर: गेज, ड्युरोमीटर की टायरवाल्याची खोल-बसव?

आधी निकाल. दारात फियाट, अ‍ॅम्बेसिडर, विलीज जीप किंवा त्याहून जुनी एखादी मॉरिस उभी आहे आणि तिचे टायर चालवण्याजोगे आहेत का, हे ठरवायचं आहे. अशा वेळी सगळ्यात भरवशाची गोष्ट फुकट मिळते: साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची, बनावटीची तारीख. तिच्यानंतर पैसे घालायचेच तर टायरवाल्याच्या खोल-बसवीवर, म्हणजे टायर रिमवरून काढून, आतून बघून परत बसवण्यावर घाला. नक्षीची खोली मोजायचं गेज स्वस्त आहे, चांगलंही आहे, पण जुन्या गाडीत त्याला काम थोडं. आणि ‘टायर हार्डनेस टेस्टर’ म्हणून ऑनलाइन विकला जाणारा ड्युरोमीटर आकडा बरोबर देतो. आपल्याला हवा असलेला प्रश्न मात्र तो सोडवत नाही. का, ते पुढे सविस्तर.

रोजच्या गाडीचा टायर झिजून मरतो, हौशीच्या गाडीचा उभ्याउभ्या मरतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा टायर आधी गोटा व्हायचा. म्हातारा व्हायची पाळीच त्याच्यावर येत नसे. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, आणि आता उरलेल्या पद्मिनी बहुतेक हौशी लोकांच्या गॅरेजात आहेत. त्यात पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या नियमांत ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे वर्षाकाठी धाव जेमतेम. दहा वर्षांनीही नक्षी खोल, रबर काळंभोर, वर पॉलिश मारलेलं, आणि मालक छातीठोकपणे सांगतो, ‘टायर तर नवेच आहेत.’

रबर म्हातारं होतं ते ऑक्सिजनमुळे आणि उष्णतेमुळे. बाहेरच्या हवेचा मारा असतोच, पण आतला जास्त घातक. टायरमध्ये आपण दाबाने हवा भरतो, तिच्यात एकवीस टक्के ऑक्सिजन. दाबामुळे तो आतून बाहेर झिरपत राहतो आणि वाटेत पदरांमधलं रबर कडक करत जातो. रेडियलमध्ये हे दोन पोलादी पट्ट्यांच्या मध्ये घडतं, नायलॉन टायरमध्ये, म्हणजे तिरप्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये, धाग्यांच्या पदरांमध्ये. दहा अंश तापमान वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ठोकताळा आहे. प्रयोगशाळेत टायर मुद्दाम म्हातारा करायचा झाला तर त्यात निम्मा ऑक्सिजन भरून ६५ अंशांच्या भट्टीत काही आठवडे ठेवतात. नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी दर उन्हाळ्यात याच भट्टीची सौम्य आवृत्ती भोगत असते. बाहेरून दिसणाऱ्या बारीक भेगा हवेतल्या ओझोन वायूने पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांनाच घाबरतो; आतला बिघाड दिसत नाही म्हणून निर्धास्त राहतो.

तारीख: फुकट, आणि पाचपैकी पाच

साइडवॉलवर बारीक चौकटीत चार आकडे असतात. ‘३६१४’ म्हणजे २०१४ सालचा छत्तिसावा आठवडा. ही पद्धत २००० पासूनची. त्याआधी तीनच आकडे असत: दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. ‘३६८’ म्हणजे १९८८ की १९९८ हा घोळ तेव्हापासूनचा. नव्वदच्या दशकातल्या काही टायरांवर तो टाळायला शेजारी छोटा त्रिकोण काढलेला असतो. आज तीन आकडी टायर दिसला तर त्रिकोण शोधत बसू नका. तो बाद.

बऱ्याच टायरांवर तारखेसकट पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि हमखास ती बाजू आत गेलेली असते. बाहेर अर्धाच कोड दिसला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून बॅटरी मारा. मागच्या चाकांसाठी जॅक लावून चाक काढावंच लागेल. पाचही टायर बघा. चार टायर एका सालचे आणि स्टेपनी गाडीइतकीच जुनी, हा प्रकार इतका सर्रास आहे की पहिली नजर डिकीतच टाकावी. बंद डिकीत तापून स्टेपनीही म्हातारी होते, न धावताच.

तारीख कुठेच सापडली नाही तर आयएसआयचा शिक्का शोधा. कारच्या टायरला तो आयएस १५६३३ या मानकाखाली असतो आणि २००९ च्या आदेशाने तो सक्तीचा झाला. भारतीय बनावटीच्या कार-टायरवर शिक्काच नसेल तर वय मोजायची गरज उरली नाही.

किती वर्षं चालतील? आपल्याकडे खासगी कारच्या टायरला कायद्याने वयोमर्यादा नाही. ब्रिटनच्या रबर उत्पादकांच्या संघटनेने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे की सहा वर्षांवरचा टायर न वापरलेला असला तरी चढवू नये, आणि दहा वर्षांनी कुठलाही टायर काढावा. मिशलिनचं म्हणणं असं, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनी सावधगिरी म्हणून बदल. यावरून कामचलाऊ हिशेब असा धरा: सहापर्यंत नेहमीची देखभाल, सहा ते दहा खोलून बघितल्याशिवाय हायवे नाही, दहाच्या पुढे बाद. गाडी उघड्यावर, उन्हात उभी असेल तर त्यातूनही दोन वर्षं वजा करा.

‘नक्षी तर शाबूत आहे’ म्हणणाऱ्यांना २०१२ चा ब्रिटनमधला अपघात माहीत असायला हवा. संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या कोचचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. टायर १९ वर्षांहून जुना होता, नक्षी कायद्यात बसत होती. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे लॉरी, बस आणि कोचच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांवरचा टायर चालवणं बेकायदा ठरलं.

नक्षीचं गेज: घ्या, पण अपेक्षा ठेवू नका

दोन-पाचशे रुपयांत डिजिटल मिळतं. सेल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बंद सापडेल. साधं दांडीवालं त्याहून टिकाऊ. कारला किमान १.६ मिलिमीटर हवेत आणि खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, आडव्या पट्ट्या तेच सांगतात. हौशीच्या गाडीत हा आकडा नेहमी पास होतो, म्हणूनच फसवतो.

गेजचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड यांत फरक निघाला की टो-इन (पुढच्या चाकांचा आत वळलेला कल) बिघडलंय किंवा हवा वर्षानुवर्षं कमी-जास्त होती हे कळतं. दोन, सेकंडहँड टायरला कटिंग मारलंय का ते पकडता येतं. गुळगुळीत टायरला गरम पात्याने खाचा पाडून विकतात. अशा टायरमध्ये टीडब्ल्यूआयची पट्टी कापली जाते किंवा दिसतच नाही, खाचेचा तळ धारदार असतो आणि एकाच खाचेची खोली जागोजागी वेगळी लागते. पाच ठिकाणी मोजा, लगेच उघडं पडतं. कटिंग मारताना खालच्या धाग्यांवरचं उरलंसुरलं रबर गेलेलं असतं, म्हणून असा टायर टांगा ओढायच्याही लायकीचा नाही.

ड्युरोमीटर: आकडा खरा, उपयोग अर्धा

गंमत अशी आहे की हौशी मंडळींत सध्या हाच लोकप्रिय आहे. साधा घड्याळाच्या तबकडीचा हजार-दोन हजारांच्या आसपास, डिजिटल त्याहून महाग. मोजपट्टी ‘शोअर ए’चीच हवी, ‘शोअर डी’चा ड्युरोमीटर कडक प्लॅस्टिकसाठी असतो आणि विकणारे दोन्ही एकाच नावाखाली खपवतात, तेव्हा तबकडीवरचं अक्षर बघून घ्या. तत्त्व सोपं आहे. तळातून अडीच मिलिमीटर बाहेर आलेलं, टोक कापलेल्या शंकूसारखं बोथट टोक स्प्रिंगच्या जोरावर रबरात घुसतं. जितकं कमी घुसेल तितका आकडा मोठा. काचेवर १०० दाखवला पाहिजे आणि हवेत ०. घरी आणल्यावर पहिली परीक्षा हीच. काचेवर ९६ दाखवणारा तुकडा सरळ परत करा.

कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण ६० ते ७० च्या दरम्यान लागते. ८० च्या वर गेली की रबर सुकलंय असं समजायला हरकत नाही. पण हा आकडा नीट घ्यायचा तर बरीच पथ्यं आहेत आणि विक्रेत्याच्या व्हिडिओत त्यांतलं एकही नसतं.

मानक चाचणी २३ अंशांच्या आसपास करतात. मे महिन्यात दुपारी उन्हातल्या टायरवर टेकवलात तर रबर मऊ लागणार आणि म्हातारा टायर पास होणार. सकाळी, सावलीत, गाडी रात्रभर उभी असताना मोजा. नक्षीच्या एका गोटीच्या, म्हणजे दोन खाचांमधल्या रबरी ठोकळ्याच्या, मध्यावर टेकवा. कडेला रबर बाजूला सरकतं आणि आकडा पडतो. खाली रबराची जाडी सहा मिलिमीटर तरी हवी, नाहीतर खालच्या पदराचा कडकपणा मोजला जातो. अर्ध्याहून झिजलेल्या टायरवर हा घोळ होतोच. दाबून एका सेकंदात वाचा, धरून ठेवलं तर काटा उतरत जातो. एकाच टायरवर पाच जागा घ्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, आणि मधला आकडा धरा. आदल्या दिवशी पॉलिश मारलं असेल तर धुऊन, दोन दिवस थांबून मोजा.

एवढं सगळं केल्यावर काय हाती लागतं? नक्षीच्या वरच्या थराचा कडकपणा. त्यावरून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज येतो, आणि तो अंदाज मोलाचाच आहे. पावसाळी रॅलीत घाट उतरताना, ड्रम ब्रेकच्या गाडीखाली ८५ चा टायर असेल तर चाक जाम होऊन गाडी घसरत जाते, नक्षी कितीही खोल असो. पण टायर फुटतो किंवा सोलतो तो आतल्या पदरात, आणि तिथवर या यंत्राची मजल नाही. ६८ दाखवणाऱ्या टायरचे पदर सुटलेले असू शकतात. त्यामुळे ड्युरोमीटरने नापास केलेला टायर निमूट काढा, पण पास केलेल्यावर विश्वास टाकू नका. याच्या एका किमतीत पाचही चाकं खोलून होतात. क्लबने मिळून एक घेतला तर ठीक, एकट्याने घेण्यासारखी वस्तू नाही.

खोल-बसव: खर्च करायचा तो इथे

चाकामागे साधारण शंभर-दीडशे रुपये, गावागणिक वेगळे. पण टायरवाला निवडून घ्यावा लागतो. नव्या गाड्यांच्या चकाचक दुकानातलं मशीन अलॉय रिम आणि ट्यूबलेसच्या सवयीचं. तिथल्या पोराने ट्यूबवाला टायर कधी खोललेलाच नसतो, आणि मशीनचा दात ट्यूबला चिमटा काढून मोकळा होतो. हायवेवर ट्रकचे टायर करणाऱ्याला ट्यूबचं काम तोंडपाठ असतं, पण तो घण घेऊन बसतो. आपल्याला हवा जुना पंक्चरवाला, जो टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावण्याआधी रिमच्या काठाला साबणाचं पाणी फिरवतो. ‘काका, टायर बदलायचा नाही, आतून बघायचाय,’ असं आधीच सांगा. नाहीतर दोन मिनिटांत परत बसवून हातात देतील.

हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची पिन काढून. मग बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, सोडवायचं. जुना, कडक बीड टामीखाली चिरला तर चरफडू नका, तो टायर तसाही संपलेला होता. टायर काढल्यावर आत चिंध्या, वाळू, रबराची भुकटी काय काय निघतं ते झटकण्याआधी बघा. बारीक काळी भुकटी म्हणजे टायर कधीतरी कमी हवेवर बराच पळाला आहे. त्याच्या जोडीला आतल्या साइडवॉलवर गोल फिरणारा सुरकुत्यांचा पट्टा असतो. बोट फिरवलं की पट्टा खरखरीत लागतो आणि बोट काळं होतं. असा टायर बाहेरून कितीही देखणा असला तरी परत चढवायचा नाही, कारण त्या पट्ट्यातले धागे दमलेले असतात आणि पुढच्या वेळी हवा भरताना किंवा वेगात साइडवॉल तिथेच फाटते.

मग उजेड. बॅटरी सरळ न मारता आडवी, पृष्ठभागाला घासून जाईल अशी धरा. साइडवॉल आतून ढकलून बाहेरच्या बाजूला फुगवा, म्हणजे मिटलेल्या भेगा उघडतात. वरवरच्या, केसासारख्या, नखाला न अडकणाऱ्या भेगा ओझोनच्या. वय कमी असेल तर सोडून द्या. नख अडकलं तर शंका. भेगेच्या तळाशी धागा दिसला तर प्रश्न मिटला. बाहेरून तीन जागा मुद्दाम बघायच्या: नक्षीच्या खाचेचा तळ, नक्षी जिथे संपून खांदा सुरू होतो ती कड, आणि बीडच्या वर रिमला घासणारी रेघ. खाचेच्या तळात गोल फिरत गेलेली सलग भेग साइडवॉलवरच्या शंभर बारीक भेगांपेक्षा वाईट, कारण नक्षी सोलून निघायची सुरुवात तिथून होते.

डोळ्यांचं झालं की हात. तळवा नक्षीवरून सावकाश फिरवा, आतून आणि बाहेरून. आधी फडकं फिरवून घ्या; रेडियलची सुटलेली तार तळव्यात शिरते. एका जागी उंचवटा लागला, खालून पोकळ वाटलं, नाण्याने ठोकल्यावर आवाज बदलला, तर पदर सुटलाय. साइडवॉलवर फुगा असेल तर धागे तुटलेत, त्याला दुसरा अर्थ नाही. रेडियलच्या साइडवॉलवर आत गेलेली एखादी उभी घळ मात्र बहुतेक वेळा पदराच्या जोडाची असते आणि निरुपद्रवी असते. ती बघून घाबरून चांगले टायर फेकणारेही आहेत.

पांढऱ्या पट्ट्याचे टायर असतील तर पट्टा आधी तडकतो, कारण उन्हापासून वाचवणारं काजळ, म्हणजे कार्बन ब्लॅक, त्या रबरात नसतं. पट्ट्याच्या कडेची भेग काळ्या रबरात घुसलीय का, तेवढं बघायचं.

टायर उघडा पडलाय तोवर रिम आणि ट्यूब बघून घ्या, हा या खर्चाचा खरा नफा. कोकणात टायर बरे आणि रिम सडलेलं, असं पुष्कळ दिसतं. बीड बसायच्या जागी गंजाचे पापुद्रे असतील तर तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून, पूर्ण वाळल्यावरच टायर चढवा. वेल्डचा दाणा किंवा गंजाचं टोक ट्यूब खातं. आरी असलेल्या चाकाला आतून रिमटेप हवीच. ट्यूब ताणून बघा: घडीच्या जागी पांढरी रेघ पडत असेल किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर असेल तर नवी घ्या. टायर नवा आणि ट्यूब जुनी ही काटकसर महागात पडते. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिची घडी पडते आणि ती घडीवरच फाटते. बसवताना टाल्क पावडर मारायला सांगा. ट्यूबलेस रेडियलमध्ये ट्यूब घालणार असाल तर आत चिकटवलेला कागदी स्टिकर खरवडून काढा, तोच ट्यूबला घासतो. आधी थोडी हवा भरून पूर्ण सोडायची आणि मग परत भरायची, म्हणजे ट्यूब सुरकुती सोडून नीट बसते. हे न सांगता करणारा टायरवाला सापडला तर त्याला सोडू नका.

रस्त्यावरची चाचणी

सहा ते दहा वर्षांतला, आतून स्वच्छ निघालेला टायर मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसने पंधरा-वीस किलोमीटर चालवा. उभ्या गाडीच्या नायलॉन टायरला खाली सपाट पट्टा पडतो, त्यामुळे सुरुवातीला धपधप होणारच. टायर तापेल तशी ती कमी होत गेली तर तो साधा सपाटपणा, काळजी नाही. तीच धपधप वाढत गेली, किंवा वीस-तीसच्या वेगात स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलायला लागलं, तर थांबा. ते पदर सुटल्याचं लक्षण आहे, बॅलन्सिंगने बरं होणार नाही. बॅलन्सिंगची वजनं वाढवत नेऊन हे लपवणारी दुकानं आहेत. थांबल्यावर चारही टायरना हात लावा. एकच बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर आधी हवा बघा. हवा बरोबर असूनही तापत असेल तर तो काढा.

बदलायचंच ठरलं तर

इथे टायरपेक्षा सल्ले जास्त मिळतात, त्यांतले दोन धोक्याचे.

पहिला जीपवाल्यांसाठी. विलीज आणि जुन्या महिंद्रांचा ६.००-१६ हा साइज बाजारात भरपूर मिळतो, कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचाही तोच साइज आहे. तीन उभ्या धारांचा तो स्वस्त टायर रिमवर अगदी चपखल बसतो. पण त्याच्यावर ‘ए६’ किंवा ‘ए८’ असं वेगाचं चिन्ह असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटर. जीप साठने पळाली की तो आतून शिजतो. साइज जुळला म्हणून घेऊ नका, चिन्ह वाचा.

दुसरा, ‘पुढे दोन रेडियल टाका, स्टिअरिंग हलकं लागेल, मागे जुने नायलॉन चालतील.’ अजिबात नाही. पुढची पकड मागच्याहून जास्त झाली की वळणावर गाडीची पाठ बाहेर फेकली जाते. एका अ‍ॅक्सलवर दोन जाती तर कधीच नकोत. मिसळायचीच वेळ आली तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे. त्यातही चारही एका जातीचे असणं हेच बरं.

पद्मिनीच्या ५.२०-१४ नायलॉनच्या जागी १५५/८० आर १४ रेडियल गणितात जवळपास बसतो: बाहेरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर, मूळचा ६१० च्या घरात. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. लोड इंडेक्स मात्र बघून घ्या. ८० म्हणजे एका टायरला ४५० किलो, ८२ म्हणजे ४७५. पाच माणसं आणि डिकीतलं सामान धरून मागच्या चाकांवरचा भार मोजा आणि मग निवडा. पुस्तकातला हवेचा आकडा नायलॉनसाठी आहे. रेडियलला थंड असताना दोन ते चार पीएसआय जास्त ठेवतात. चाकाच्या कमानीत पूर्ण वळवून टायर घासत नाही ना, तेही आधी एका चाकावर बघा.

मूळ काळातला नमुनाच हवा असेल तर तो परदेशात नवा बनतो. अमेरिकेतली कोकर टायर कंपनी आणि ब्रिटनमधले लाँगस्टोन जुन्या साइजचे नायलॉन आणि रेडियल विकतात. पिरेलीने ‘कोलेझिओने’ नावाने जुने नमुने परत काढले आहेत. माल चांगला, कारण नक्षी जुनी आणि रबर ताजं. अडचण दारात आणण्याची. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, शिवाय बीआयएसची, म्हणजे आयएसआय शिक्क्याची, अट आहेच. पैसे भरण्याआधी परवान्याचं विचारा, नाहीतर टायर बंदरात म्हातारे होतील. आणि लिलावात ‘न वापरलेले, कंपनीच्या कागदातले’ म्हणून मिळणारे तीस वर्षांचे टायर फक्त भिंतीवर टांगायला घ्या.

प्रदर्शनात मूळ टायरला गुण असतात हे खरं. त्यासाठी जाणते लोक रिमचे दोन संच ठेवतात: जुने टायर एका संचावर, ते ट्रेलरवरून उतरून मैदानात शिरण्यापुरते, रस्त्यावर धावायला दुसरा. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडरचे लोखंडी रिम भंगारवाल्याकडे अजून मिळतात, त्यामुळे ही चैन फार महाग नाही.

नवे टायर आले की दर महिन्याला गाडी हातभर पुढेमागे ढकला, लांबच्या विश्रांतीला हवा पाचेक पीएसआय जास्त ठेवा, टायरच्या दिशेला ऊन येऊ देऊ नका. सॉल्व्हंटचं चकचकीत पॉलिश टाळा, ते रबरातलं संरक्षक मेण धुऊन काढतं. साबणाचं पाणी पुरे. वेल्डिंग आणि इलेक्ट्रिक मोटारींच्या शेजारी गाडी उभी करू नका, तिथे ओझोन तयार होतो.

आणि काढलेले जुने टायर टायरवाल्याकडे सोडून येण्याआधी प्रत्येकाच्या साइडवॉलवर सुरीने हातभर काप मारा. तसेच दिलेत तर धुऊन, पॉलिश मारून ते सेकंडहँडच्या रांगेत उभे राहतात आणि तुमच्यासारखाच कुणीतरी नक्षी बघून ते विकत घेतो.